वडिलांनी जन्म कधी घ्यावा

वडिलांना गोव्यात जन्म घ्यायचाच असेल, तर २० डिसेंबर १९६१ नंतर, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपल्यावर घ्यायला सांगा. आधी घेतला असेल तर भोगा.

पोर्तुगीज अमदानीतले आयात परवाने माळ्यावर सापडले तर रद्दीत घाला. दमणच्या एका व्यापाऱ्याने ते जपले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९६५ साली निकाल आला: जुन्या सरकारने दिलेला हक्क नव्या सरकारने मान्य केला तरच चालेल.

सोनं गहाण ठेवू नका. पणजीतल्या पोर्तुगीज बँकेने लोकांचे दागिने लिस्बनला नेले, ते परत यायला १९९१ उजाडलं. गोवा भारताचा, हे पोर्तुगालने १९७४च्या करारातच मान्य केलं होतं. पाटल्या मात्र त्यानंतरही अडकूनच राहिल्या.

जन्मनोंदीसाठी मात्र खास तयारी हवी. परवा एका कार्यालयात वडिलांच्या म्हापशातल्या पोर्तुगीज नोंदीचा उतारा दिला, सोबत भाषांतर, शिक्क्यासह. खिडकीपलीकडच्या साहेबांनी तो उलटा धरला, सुलटा धरला. "हे तर परदेशी. नागरिकत्व कधी घेतलं? सर्टिफिकेट आणा." कुठून आणू? कोणी घेतलंच नाही, कारण घ्यावंच लागलं नाही! १९६२चा नागरिकत्व आदेश सांगतो, २० डिसेंबर १९६१ आधी जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला नको असेल त्याने आदेश निघाल्यापासून महिन्याभरात लेखी कळवायचं. वडिलांनी काही कळवलं नाही, ते तेव्हा गोट्या खेळत होते.

"कळवलं नाही याचा पुरावा?"

पुरे झाला उपरोध, साहेब. जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील, असं संसदेनेच १९६२मध्ये ठरवलं. म्हणून १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कौटुंबिक नियम गोव्यात अजून लागू आहेत, आणि समान नागरी कायद्याचा विषय निघाला की तुम्हीच छाती फुगवून गोव्याचं नाव घेता. त्या राजवटीचा कायदा चालतो आणि तिच्याच दप्तरातली जन्मनोंद चालत नाही? झेंडा बदलला म्हणून माणसं परकी ठरू नयेत, एवढ्यासाठीच असे आदेश काढतात. तो वाचा, छोटासा आहे. समजत नसेल तर वरिष्ठांना विचारा. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रांगेत उभं करून, चारचौघांत "तुमचा मूळ देश कुठला?" असं विचारू नका.