नॉब फिरला, सूर उतरला, तारा जागच्या जागी

कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवाला खुंट्या पिळायला बसला की निवेदकाचा अंत पाहिला जातो. स्टँडर्ड म्हणजे नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई ट्यूनिंगवरून डॅडगॅडला जाणं, म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी लावणं, हे कागदावर अगदी किरकोळ काम. सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा दोन-दोन सेमीटोन, म्हणजे दोन-दोन अर्धे सूर, उतरवायच्या. पण दोन सेमीटोन उतरवले की तारेवरचा ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. तीन तारांनी एकदम अंग सोडलं की गिटारची मान किंचित मागे जाते आणि ज्यांना कुणी हातही लावला नव्हता त्या बाकीच्या तीन तारा चढतात. त्यांना उतरवावं, तोवर पहिल्या तिघी हललेल्या. तरंगता ब्रिज (तारा अडकवलेली, स्प्रिंगांवर तोललेली पट्टी) असेल तर हा खेळ आणखी लांबतो, कारण मागच्या स्प्रिंगांनाही स्वतःचं मत असतं. एव्हाना निवेदकाने प्रायोजकांचे आभार दुसऱ्यांदा मानलेले असतात.

हे ट्यूनिंग १९६० च्या दशकात रूढ केलं ते डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकाने. त्याच्या मागे ‘चला, पुढचं घ्या’ म्हणणारा आयोजक उभा नसावा, असा माझा अंदाज आहे.

या छळावर दोन तऱ्हेचे उपाय निघाले. गिब्सनने २००७ मध्ये रोबोट गिटार आणली. तिच्या खुंट्या मोटरवर आपण होऊन फिरतात. बघायला मजा येते, पण ताणाचं गणित तिथेही तेच. दुसरा उपाय रोलँडने १९९५ मध्येच व्हीजी-८ या यंत्रातून दाखवला होता: खुंट्यांना हातच लावायचा नाही, सूर यंत्रात उतरवायचा. लाइन सिक्सची व्हेरिअ‍ॅक्स गिटार याच घराण्यातली. तिच्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली वेगळा पिझो पिकअप, म्हणजे थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा तुकडा, असतो. सहा तारांचे सहा स्वतंत्र सिग्नल आत जातात आणि प्रोसेसर ज्याचा त्याचा सूर हलवतो. सहावी तार ८२.४ हर्ट्झवर थरथरत असते, स्पीकरमधून ७३.४ येतं. नॉब एक घर फिरवला की झालं.

‘मग डिजीटेकचं ड्रॉप पेडल घेतलं तर?’ असं कुणीतरी विचारतंच. घ्या, पण त्यात सहाही तारा एकत्र शिरतात आणि एकत्रच उतरतात. गायिकेला पट्टी अर्ध्या सुराने खाली हवी असेल तर ते पेडल उत्तम, फक्त डिस्टॉर्शनच्या आधी जोडा. डॅडगॅडमध्ये तीन तारा उतरतात आणि तीन जागेवर राहतात. ही निवड एकाच सिग्नलवर चालणाऱ्या पेडलला करता येत नाही.

नॉब फिरवल्यावर मात्र तुमच्या हातात दोन गिटारी असतात, एक बोटांखालची आणि एक स्पीकरमधली. पुढचे सगळे घोळ या दोघींचं पटत नाही म्हणून होतात.

पहिला बळी ट्यूनरचा. नॉब डॅडगॅडवर असताना गिटारच्या पुढे जोडलेला ट्यूनर स्पीकरवाल्या गिटारचंच ऐकतो. सहावी तार वाजवली की तो ‘डी’ दाखवतो. सज्जन माणूस ‘अरेच्चा, उतरली की!’ म्हणत ती ‘ई’पर्यंत चढवतो. प्रत्यक्षात तार आता एफ शार्पला पोचलेली असते आणि ताण २६ टक्क्यांनी वाढलेला असतो. जाड तार हे सोसते. हाच प्रामाणिकपणा ०.०१० इंचाच्या पहिल्या तारेवर दाखवला तर ती तिथेच राजीनामा देऊ शकते. म्हणून आधी नॉब स्टँडर्डवर आणायचा, मग तारा लावायच्या, मग नॉब हवा तिथे. आणि नीट लावायच्या, कारण नॉब सूर उतरवतो, सुधारत नाही. खरी तार दहा सेंट (सेमीटोनचा दहावा भाग) बेसूर असेल तर खोटीही दहा सेंट बेसूरच येणार.

दुसरा घोळ रात्रीचा. घरात आवाज बारीक ठेवून अर्धा सूर खाली वाजवायला बसलात की पहिली तार खोलीत ३२९.६ हर्ट्झवर वाजते आणि स्पीकरमध्ये ३११.१ वर. दोन्ही कानात एकदम शिरतात आणि सेकंदाला अठरा वेळा एकमेकींना धक्के देतात. गिटार बिघडलेली नाही, खोली शांत आहे एवढंच. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा, नाहीतर स्पीकर इतका वाढवा की तारांचा मूळ आवाज बुडेल. दुसरा उपाय शेजाऱ्यांशी संबंध बघून करावा. गात-गात रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी तर आधी गिटार आणि मग गाणं असे दोन वेगळे टेक घ्यावेत. गाण्याचा माइक खऱ्या तारांची चुगली केल्याशिवाय राहत नाही.

तिसरा घोळ ओळखायला सगळ्यात अवघड. पाचवी तार छेडली की तिची थोडी थरथर ब्रिजमधून सहाव्या तारेच्या सॅडललाही (ब्रिजवरच्या तिच्या टेकूलाही) पोचते. यंत्राला वाटतं ही सहावीचीच, आणि नियमानुसार ते तिला दोन सेमीटोन खाली ढकलतं. म्हणजे ‘ए’ वाजवला की त्याच्या मागून एक अंधूक ‘जी’ येतो. मोठ्या कॉर्डमध्ये असे दोन-तीन ‘जी’ जमले की ‘काहीतरी चुकतंय, पण काय?’ ही चर्चा तासभर चालते. पाम म्युट केल्यावर, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवल्यावर, हे जास्त उघडं पडतं. गिटारच्या वर्कबेंच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तारेची पातळी वेगळी ठेवता येते. फार चढलेली तार तिथे खाली आणली की भूत पुष्कळसं शांत होतं. सॅडल घामाने माखू देऊ नका. पिझोचा सिग्नल नाजूक असतो, ओल धरली की तो आधी क्षीण होतो आणि मग एखादी तार मौन धरते.

आता अकूस्टिक. सूर हलवणारं हेच यंत्र इतर गिटारींच्या आवाजाची नक्कलही करतं, त्या नकलेला मॉडेल म्हणतात. लोक मॉडेलचा नॉब अकूस्टिकवर नेतात, नेहमीच्या गिटार अ‍ॅम्पमधून वाजवतात आणि म्हणतात, ‘डबा वाजतोय.’ डबाच वाजणार. गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर अंग चोरतो आणि अकूस्टिकची सगळी चमक तिथेच राहते. हा आवाज थेट पीएला, म्हणजे सभागृहाच्या ध्वनियंत्रणेला, द्यायचा, अ‍ॅम्प आणि कॅबिनेटचे ब्लॉक (प्रोसेसरमधल्या त्यांच्या नकला) बंद ठेवून. ९० हर्ट्झच्या खालचं कापा, २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल कमी करा म्हणजे पिझोचा ‘क्वॅक’ मावळतो, ३:१ चा हलका कॉम्प्रेसर लावा आणि छोट्या खोलीचा रिव्हर्ब. एवढं पुरे. हॉलचा रिव्हर्ब लावून अकूस्टिक वाटत नाही, मंगल कार्यालय वाटतं.

तरी एक गोष्ट हात वर करून सांगतेच: तिसरी तार. अकूस्टिकवर ती गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकवर साधी. लाकडाचं मॉडेल कितीही सुरेख असो, ‘जी’ तार वाजली की जाणकार मान हलवतो. त्यात प्लेक्ट्रम जाड असेल तर विचारूच नका, स्ट्रमिंगला ०.६० मिलिमीटरचं बरं. सितारीच्या मॉडेलबद्दल मी एवढंच म्हणेन की ते १९६७ च्या कोरल इलेक्ट्रिक सितारीचं मॉडेल आहे, मिरजेच्या सितारीचं नाही. त्यात जवारी, म्हणजे सितारीची खास झणझण, शोधणाऱ्याने मिरजेचं तिकीट काढावं.

राहता राहिली वीज. हेलिक्स या लाइन सिक्सच्या प्रोसेसरला जोडायची केबल नेटच्या केबलसारखीच दिसते आणि तिच्यातून गिटारला वीजही मिळते. तिचं टोक राउटरमध्ये खुपसू नका. आणि दुकानातली साधी नेट केबल स्टेजवर वापरू नका, तिची प्लास्टिकची जीभ लवकर तुटते. धातूच्या टोपीची घ्या. गिटारची नेहमीची केबल लावून बॅटरीवर वाजवत असाल तर मध्यंतरात पिन उपटून ठेवा, नाहीतर चहा होईपर्यंत बॅटरी आत गुपचूप खर्च होत राहते. ती गाण्याच्या मध्येच संपली तर जेम्स टायलर व्हेरिअ‍ॅक्समध्ये मॅग्नेटिक पिकअप आहेत आणि त्यांना बॅटरी लागत नाही, त्यामुळे आवाज मिळेल. फक्त तो खऱ्या तारांचा असेल, स्टँडर्डमधला, आणि तुमची बोटं डॅडगॅडमध्ये असतील. त्या क्षणी गायिकेकडे बघू नये.