'आमदाराने गटारं बघावीत, स्वातंत्र्याचं कोर्ट बघेल' म्हणणाऱ्यांना

अधिवेशन संपलं की आमदारांचे कार्यअहवाल घरोघरी येऊन पडतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो, मग सभामंडप, हायमास्ट, नेत्रतपासणी शिबिर, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. क्वचित एखाद्या अहवालात अर्धं पान सभागृहातल्या भाषणाला दिलेलं असतं. जनसुरक्षा विधेयक, पोलिस कोठडी, जमावबंदी असले विषय. नेमक्या त्या अर्ध्या पानाची टर उडवणारा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याचा सारांश असा : 'नागरी स्वातंत्र्य हा दिल्लीचा विषय, आमदाराचा त्याच्याशी संबंध काय? सरळमार्गी माणसाला त्याने काही फरक पडत नाही. चुकलंच काही तर हायकोर्ट आहे. शिवाय व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, असताना एकटा आमदार करणार तरी काय? त्यापेक्षा गटारं बघा, उत्सवाला या.'

यातलं गटाराचं म्हणणं मान्य. बाकीचं एकेक घेऊ.

'दिल्लीचा विषय.' केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची उघडली की पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची, दुसरी पोलिसांची, चौथी तुरुंगांची. फौजदारी कायदा आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धता समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या, सूचीत, तेव्हा तिथेही राज्याचा हात आहेच. महाराष्ट्राने तो सढळ वापरलाय. १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालणारा कायदा घ्या. खटला न चालवता माणसाला वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. सुरुवातीला तो झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचा धंदा करणारे यांच्यासाठी होता. पुढे त्यात 'धोकादायक व्यक्ती' आल्या, २००९ मध्ये व्हिडिओ पायरसीवाले, २०१५ मध्ये वाळूतस्कर आणि काळाबाजारवाले. कायद्याचं नावच इतकं लांबलंय की एका दमात म्हणता येत नाही, आणि त्यातली प्रत्येक भर विधिमंडळाने घातली आहे. १९९९ चा मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, विधिमंडळाचाच. त्यात पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जो एरवी पोलिसांसमोर दिला तर चालत नाही. दोन वर्षांपर्यंतची तडीपारी येते ती महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१ मधून. हे कायदे असावेत की नसावेत यावर वाद घाला, जरूर घाला. पण तो वाद दिल्लीत नाही, विधान भवनात घालायचा असतो. मूलभूत हक्कांच्या बाबतीत 'राज्य' कोणाला म्हणायचं हे सांगताना घटनेच्या अनुच्छेद १२ ने राज्यांची विधिमंडळंही त्यात धरली आहेत, आणि हक्क हिरावणारा कायदा करू नये असं अनुच्छेद १३ ने त्यांना बजावलंय.

'सरळमार्गी माणसाला काय फरक पडतो?' हा या मजकुराचा सगळ्यात लाडका मुद्दा. म्हणून जरा थांबून बघू.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट अधूनमधून येते : 'जिल्ह्यात कलम ३७ (१) (३) लागू.' हे कलम त्याच महाराष्ट्र पोलिस अधिनियमातलं. कोणी वाचत नाही. वाचली तर सुरुवातीला सोटे, तलवारी, भाले, सुरे, दगड, स्फोटके असं ओळीने येतं, आणि आपण मान हलवतो, बरोबर आहे, बंदी हवीच. पण याच कलमाने जाहीर घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं यांवरही बंदी घालता येते, आणि जमाव वा मिरवणुकीलाही. तुमचा भजनी मंडळाचा कार्यक्रम, सोसायटीची सत्यनारायणानंतरची गाण्यांची मैफल, पाण्यासाठी नगरपालिकेवर नेलेला हंडा मोर्चा, तिन्ही या एका कलमाच्या टप्प्यात येतात. मैफलीला कोणी हात लावत नाही, मोर्चाला लावतात. कोणाला लावायचा हे अधिकाऱ्याने ठरवायचं असतं. जमावबंदीचा असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, असं कायदाच म्हणतो. मग कित्येक ठिकाणी काय होतं? पंधरवडा संपला की नवा आदेश, तो संपला की पुन्हा नवा. कधी सण पुढे केला जातो, कधी परीक्षा, कधी निवडणूक, कधी 'संभाव्य आंदोलने'. ही साखळी कायद्याच्या हेतूत बसते का, असा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारायला आमदाराला कोणाचीही परवानगी लागत नाही.

आता तेच मंडळ घ्या ज्याच्या उत्सवाला आमदाराने यावं अशी अपेक्षा आहे. मंडपाची परवानगी पालिकेकडून, रस्ता अडतो म्हणून वाहतूक शाखेची ना हरकत, ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलिस ठाण्यातून, अग्निशमन वेगळंच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं, म्हणून तर कोणत्या सणाचे किती दिवस मोकळे यावरून दरवर्षी खेचाखेच चालते. गाणं लावायचा एकाचा हक्क आणि झोपायचा दुसऱ्याचा हक्क, दोन्ही एकाच गल्लीत राहतात. 'स्थानिक कार्यक्रम' आणि 'नागरी स्वातंत्र्य' ही अहवालातली दोन वेगळी पानं वाटतात खरी, पण परवानगीसाठी ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या कार्यकर्त्याला विचारा.

आणि सरळमार्गी माणसाचंच उदाहरण हवं असेल तर पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. पुढे राज्य सरकारने पोलिस अधिकाऱ्यांना निलंबित केलं, प्रकरण बंद झालं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. कलम केंद्राचं होतं, हे मान्य. पण दारात आलेले पोलिस राज्याचे होते, आणि त्या खात्याचा जाब विचारण्याची जागा विधानसभा आहे.

स्वातंत्र्य फक्त सरकारच हिरावतं असंही नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला किराणा मिळत नाही, लग्नाचं आमंत्रण मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. त्याविरुद्ध सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ मध्ये याच विधिमंडळाने एकमताने केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशा शिक्षेसह. म्हणजे आमदार स्वातंत्र्य काढून घेऊ शकतात तसं मिळवूनही देऊ शकतात. 'संबंध काय' म्हणणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही, याची गंमत वाटते.

'हायकोर्ट आहे की.' आहे. पण किती वेळाने? २००५ मध्ये विधिमंडळाने डान्सबारवर बंदी आणली, तीन तारांकित हॉटेलांना आणि त्यावरच्यांना मात्र सूट. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकालाला स्थगिती मिळाली, आणि जुलै २०१३ मध्ये तिथेही सरकार हरलं. मधली सात वर्षं तिथे नाचणाऱ्या बायकांनी काय खाल्लं हे कोणत्याच निकालपत्राने भरून दिलं नाही. पुढचं आणखी मासलेवाईक : २०१४ मध्ये सभागृहाने सूट तेवढी काढून बंदी पुन्हा बिनविरोध मंजूर केली, मग परत कोर्ट, परत स्थगिती, २०१६ चा नवा कायदा, आणि २०१९ मध्ये त्यातल्याही बऱ्याच अटी रद्द. डान्सबार तुम्हाला आवडोत वा न आवडोत, कायदा मांडला तेव्हाच एखाद्या आमदाराने उठून 'सूट कोणाला आणि का' एवढं ताणून धरलं असतं, तर कदाचित ही वरात दिल्लीपर्यंत गेली नसती.

व्हिपचा मुद्दा थोडक्यात निपटतो. दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार, पक्षादेश बांधतो तो मतदानाला. प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायचं अशासकीय विधेयक यांसाठी अपात्रतेची तलवार लटकत नाही, आणि सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आमदारावर खटला चालत नाही, हे संरक्षण अनुच्छेद १९४ ने दिलंय. पक्षात वजन कमी होईल, तिकीट हुकेल, ही भीती खरी आहे. पण ती आमदाराची अडचण झाली, कायद्याची नव्हे.

'एकटा काय करणार' याला मात्र उत्तर द्यायला हवं. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे, म्हणजे नळाच्या पाण्यासाठी भांडणारी बाई, गटारवाल्या मजकुराला आवडेल अशीच. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या. ऐंशीच्या दशकात पुन्हा सभागृहात आल्यावर त्यांनी गर्भलिंगनिदानाचा प्रश्न लावून धरला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा आला १९९४ मध्ये. नळ की नागरिकाचे हक्क, अशी निवड करायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

अलीकडचं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं, नक्षलवादी कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून सरकारने आणलेल्या. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं गेलं, डिसेंबरमध्ये नागपूरला पुन्हा. मूळ मसुद्यात 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या अशी ऐसपैस होती की प्रस्थापित कायदा मोडायला प्रोत्साहन देणंही त्यात बसत होतं. मिठाचा सत्याग्रह कुठे बसला असता ते सांगायला नको. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि समितीतून बाहेर पडताना 'व्यक्ती' हा शब्द वगळून रोख कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता ठेवला गेला. 'तत्सम' म्हणजे कोण, हा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते तोच मुख्य प्रश्न होता. तरीही बदल झाले ते कोर्टात नाही, समितीच्या टेबलावर झाले.

१० जुलै २०२५ ला विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही मंजूर झालं, विरोधकांनी सभात्याग केला. आवाजी मतदानात 'होय'वाल्यांचा आवाज मोठा की 'नाही'वाल्यांचा एवढंच ठरतं. मतविभागणी मागितली नाही तर कोणी काय म्हटलं याची नावनिशीवार नोंद होत नाही. २८८ जणांच्या सभागृहात तुमचे आमदार त्या दिवशी 'होय' म्हणाले, गप्प बसले की मतदारसंघात फीत कापत होते, हे त्यांनी स्वतः लिहिलं नाही तर तुम्हाला कळणार कसं? ज्या अर्ध्या पानाची टिंगल चालते, ते त्यासाठी असतं. ते नुसतंच 'संविधानाच्या रक्षणासाठी कटिबद्ध' अशा वाक्याने भरलेलं असेल तर जरूर हसा. तिथे तारीख हवी, विधेयकाचं नाव हवं, विचारलेला प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेलं उत्तर हवं. पोलिस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवून किमान वर्षभराचं चित्रण जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. आपल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, इतका साधा प्रश्नही चालेल. त्याच पानावर खाली गटाराच्या कामाचा फोटो आला तरी कोणाची हरकत नाही.