गाळलेली पानं

नमस्कार,

धर्म, सत्ता आणि संस्कार यांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतकं मन लावून लिहिलंत, याबद्दल आभार. तुमचे आक्षेप मला कळले ते असे: आईवडिलांनी श्रद्धेने दिलेले संस्कार मी चव्हाट्यावर आणते आहे; सत्तेने धर्म वापरला असेल तर दोष सत्तेचा, धर्माचा नाही; आणि धर्माने दुबळ्यांना दिलेलं बळ मला दिसतच नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मला मान्य आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक वेगळी आवृत्ती छापली गेली. निम्म्याहून अधिक बायबल तीतून वगळलेलं होतं. योसेफाची गोष्ट ठेवली: गुलाम म्हणून विकला गेला, इमानाने राबला, पुढे त्याचं भलं झालं. मोशे आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून नेतो, तो भाग मात्र काढला. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे ठेवलं. ख्रिस्तात कुणी दास नाही की कुणी स्वतंत्र नाही, हे पौलाचं, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाचं, वाक्य गाळलं. धर्मात केवढं बळ असतं हे ती कात्री चालवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या पुस्तकातून मुलाला प्रार्थना शिकवणाऱ्या आईला मी बोल लावेन का? मुळीच नाही. तिच्या हाती जे आलं ते तिने दिलं. पण मुलाने ‘मधली पानं कुठे गेली?’ असं विचारलं, तर त्यात आईचा अपमान कसला?

मी सात-आठ वर्षांची असेन. सगळे प्रार्थनेला बसलो होतो आणि मी मोठ्याने विचारलं, ‘देव सगळ्यांचा आहे, तर त्याच्याजवळ जायची परवानगी थोड्यांनाच का?’ आईने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात गार पडला होता. ती रागावली असेल असं मला तेव्हा वाटलं. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की ती घाबरली होती, मागच्या रांगेत बसलेल्या मोठ्या माणसांना.

म्हणूनच सत्ता आणि धर्म असे सहज वेगळे काढता येतील, हे मला पटत नाही. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहानंतर जर्मन संस्थानांत राजा कॅथलिक की लुथरन, या दोन ख्रिस्ती पंथांपैकी कोणत्या पंथाचा, यावर प्रजेचा धर्म ठरू लागला. ज्याला मान्य नसेल त्याने घरदार विकून निघून जावं. राजाच्या मर्जीने एखाद्या शेतकऱ्याने पंथ बदलला असेल, तर मुलाला तो वडिलांकडून मिळाला आणि नातवाला तो वाडवडिलांपासून चालत आलेला वाटला. म्हणजे हुकमाचा संस्कार व्हायला दोन-तीन पिढ्या पुरतात, आणि हे काम राजाला करावं लागत नाही. ते आपण घराघरांत करतो, तेही मायेपोटी. माझा सगळा जीव अडकलाय तो इथे.

मुलांना दिशाहीन वाढवणार का, असंही तुम्ही विचारलंत. माझी मुलगी प्रार्थना म्हणते, तिला ती आवडते, मी अडवत नाही. परवा तिने विचारलं, ‘देवाला राग आला हे माणसांना कसं कळतं?’ मी तिला सांगितलं, मला माहीत नाही, आणि हा प्रश्न सोडू नकोस. तुमच्या घरी हा प्रश्न आला तर तुम्ही काय सांगाल? जरूर लिहा, मला मनापासून वाचायचंय.