हिमोग्लोबिन 12 आहे म्हणजे आयर्न भरपूर? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

'ब्लड रिपोर्ट घरीच वाचा, डॉक्टरची फी वाचवा' असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपवर जोरात फिरतोय. त्यात पाच नियम दिलेत. हिमोग्लोबिन 12 च्या वर असेल तर आयर्न बघायची गरज नाही, टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) साडेचारच्या वर गेला की आयुष्यभर गोळी, रोज ताक-दही खाणाऱ्याला व्हिटॅमिन बी 12 कमी पडत नाही, सोलापूरच्या उन्हात व्हिटॅमिन डी कमी होणं शक्यच नाही, आणि रिपोर्टमध्ये काही बोल्ड (रेंजबाहेर म्हणून ठळक छापलेलं) नसेल तर तुम्ही ठणठणीत. मी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं हेच नियम मला ऐकवायला लागलीत, म्हणून लिहितेय.

पहिला नियम सगळ्यात घातक आहे. शरीरातलं आयर्न कमी व्हायला लागलं की आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर खाली येतं. नळाला धार नीट येतेय म्हणून टाकी भरलेली आहे असं निदान सोलापूरकर तरी समजणार नाही. हा साठा फेरिटिन नावाच्या रक्ताच्या टेस्टमध्ये दिसतो. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने निरोगी मोठ्या माणसाचं फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे आयर्न कमी, मग हिमोग्लोबिन साडेबारा का असेना. दिवसभर विड्या वळणाऱ्या, गारमेंटमध्ये मशीनवर बसणाऱ्या कितीतरी बायका पाळीत खूप जातं, केस गळतात, जिना चढताना धाप लागते, माती नाहीतर बर्फ खावासा वाटतो असं सांगतात आणि घरचे म्हणतात हिमोग्लोबिन तर नॉर्मल आहे, कामाचा कंटाळा आलाय तुला! फार वाईट वाटतं ऐकून.

आता उलटी बाजू. ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज असेल तर फेरिटिन वर जातं, म्हणजे त्या वेळी नॉर्मल आलं तरी ते खरं असेलच असं नाही. नुसतं सीरम आयर्न (रक्तात त्या वेळी फिरणारं आयर्न) बघून तर काहीच ठरवू नका, ते दिवसभरात वरखाली होतं आणि आदल्या दिवशी गोळी घेतली असेल तरी बदलतं. आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी पण फेरिटिन चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष) असू शकतो, तिथे महिनोन्‌महिने आयर्नच्या गोळ्या घेऊन उपयोग नाही, हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी टेस्ट) करावं लागतं. लग्न ठरलेल्यांनी हे जास्त मनावर घ्या, कारण नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया व्हायची शक्यता 25 टक्के असते.

टीएसएच. 5-6 आला आणि टी 4 (थायरॉईडचं हार्मोन) नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात आणि बऱ्याच जणांचा आपोआप खाली आलेला असतो. 10 च्या वर असेल किंवा बाई गरोदर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नाही. केसांसाठी बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर रक्त देताना सांगाच, काही मशीनवर त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो. अजून एक, गोळी चालू असताना टीएसएच नॉर्मल आला म्हणून काही जण गोळीच बंद करतात, अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय! आणि थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, आयर्न-कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

ताक-दह्यात बी 12 असतं, हे खरं. पण मोठ्या माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, एक कप दुधात साधारण 1 मिळतं आणि पाणी घालून केलेल्या ताकात त्याहून कितीतरी कमी. त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. पायाला मुंग्या येत असतील तर बी 12 च्या 200-300 मधल्या आकड्यावर पण समाधान मानू नका, डॉक्टरला दाखवा. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

ऊन भरपूर आहे पण आपण उन्हात आहोत कुठे? एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, दुपारभर सगळे घरात, बाहेर पडलो तर स्कार्फ आणि सनकोट, आणि काचेतून आलेल्या उन्हाने डी तयार होत नाही. म्हणून डी 20 च्या खाली असलेले रिपोर्ट इथेही निघतात. पण डीची 60 हजार युनिटची पावडर दर आठवड्याला मनानेच वर्षभर घेऊ नका, कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

राहिलं ते बोल्ड. रेंज काढतात ती निरोगी माणसांतल्या मधल्या 95 टक्के लोकांवरून, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचीही एखादी रेंजबाहेर जायची शक्यता 64 टक्के निघते. त्यामुळे मोठ्या पॅकेजमध्ये एखादा आकडा बोल्ड दिसला म्हणून रात्रभर जागू नका. आणि त्रास होत असेल तर एकही बोल्ड नाही म्हणून गप्पही बसू नका. जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, डॉक्टरला आकड्याइतकीच त्यांचीही गरज असते.