बोर्ड बदललं की इंग्रजी सुधारतं, हे खरं नाही

एप्रिल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, म्हणणं तेच असतं. स्टेट बोर्डाचं इंग्रजी कच्चं. सीबीएसईत मुलं बोलायला शिकतात, स्टेटमध्ये नुसती घोकंपट्टी. मार्कही तिकडे जास्त. तेव्हा सातवी-आठवी झाली की मुलाला तिकडे घाला, सहा महिन्यांत रुळेल.

मी वीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. हा मजकूर वाचून शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेले पालक मी पाहिले आहेत. मुलाचं भलं व्हावं म्हणूनच ते येतात, यात शंका नाही. पण ज्या आधारावर ते निर्णय घेतात तो आधारच चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पोर मोजतं.

पहिला मुद्दा कच्च्या इंग्रजीचा. ‘स्टेट बोर्डाचं इंग्रजी’ नावाची एकच गोष्ट नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची ती प्रथम भाषा असते आणि दहावीला त्यांना ‘इंग्लिश कुमारभारती’ असतं. मराठी माध्यमात ती तृतीय भाषा असते, पुस्तक ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. दोन्ही बालभारतीचीच, पण पातळी वेगळी आणि प्रश्नपत्रिकाही वेगळी. मजकुरातली तुलना बघा: एकीकडे तृतीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणारं मूल, दुसरीकडे बालवर्गापासून सगळेच विषय इंग्रजीत शिकलेलं मूल. हा फरक माध्यमाचा आहे, बोर्डाचा नाही. उत्तरेत हिंदी माध्यमाच्या सीबीएसई शाळा आहेत, तिथली मुलं विज्ञानाचा पेपर हिंदीत लिहितात. नुसत्या बोर्डाच्या नावानं इंग्रजी येत असतं तर तीही फाडफाड बोलली असती.

घोकंपट्टीचं म्हणाल तर सीबीएसईचा दहावीचा इंग्रजीचा पेपर उघडून बघा. 80 पैकी 20 गुण उताऱ्यांना, 20 व्याकरण आणि लेखनाला, आणि 40 गुण नेमलेल्या धड्या-कवितांना. म्हणजे निम्मा पेपर पुस्तकावर. त्या धड्यांची तयार उत्तरं गाईडमध्ये मिळतात आणि मुलं ती पाठ करतात. आमच्याकडची मुलं पत्रलेखन पाठ करतात, हेही खरं, आणि मला ते रोज बोचतं. पण आमच्या तृतीय भाषेच्या पेपरात पाठ्यपुस्तकातले उतारे छापून दिलेले असतात. शिवाय पुस्तकाबाहेरचा उतारा येतो, त्याचं सारांशलेखन येतं, मराठीत भाषांतर येतं. त्या प्रश्नांना पाठांतर पुरत नाही, वाचून कळावंच लागतं.

बोलण्याचं तर उलटंच आहे. आमच्याकडे इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला 20 गुण आहेत. सीबीएसईच्या 20 अंतर्गत गुणांमध्ये चाचण्या, वही-पोर्टफोलिओ वगैरे धरून ऐकण्या-बोलण्याच्या वाट्याला 5 येतात. मात्र कागदावर किती गुण आहेत यानं कुणी बोलायला लागत नाही. तोंडी परीक्षा एका सकाळी उरकून सरसकट 18 देणाऱ्या शाळा असतात, आणि वर्षभर रोज दोन मुलांना उभं करून बोलतं करणारे शिक्षकही असतात. मूल बोलायला शिकतं ते अशा शिक्षकांमुळे.

मार्कांच्या बाबतीत 2019 आठवा. त्या वर्षी राज्य मंडळानं भाषा विषयांचे तोंडी गुण काढून टाकले. दहावीचा निकाल 2018 च्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला आणि अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागे पडणार म्हणून एकच घबराट झाली. गुण परत दिले, 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. मुलांचं इंग्रजी एका वर्षात बिघडलं आणि पुढच्या वर्षात सुधारलं, असं कोण म्हणेल? आणखी एक गोष्ट मजकूर सांगतच नाही. आमच्याकडे सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरून टक्केवारी निघते. ज्याचं इंग्रजी कमजोर आहे त्याला तेवढा आधार मिळतो. इंग्रजीत उत्तीर्ण मात्र व्हावंच लागतं.

आता ‘सहा महिन्यांत रुळेल’. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा आठवीला तिकडे गेला. विज्ञानात हुशार, प्रयोगवही बघत राहावी अशी. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला तेव्हा चाचणीचा पेपर घेऊन आला होता. फोटोसिंथेसिसचा प्रश्न कोरा. मी म्हटलं, अरे, प्रकाशसंश्लेषण! तो माझ्याकडे बघतच राहिला. सातवीत हेच त्यानं फळ्यावर आकृती काढून वर्गाला समजावलं होतं. गणितात लसावि-मसावि तोंडपाठ, पण एलसीएम म्हणजे तेच हे कळायला त्याला महिना लागला. ‘मॅडम, मी तिकडे ढ आहे,’ असं तो म्हणाला. तो ढ नव्हता. त्याचं ज्ञान एका भाषेत होतं आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत, तीही सगळ्या विषयांची, एकाच वेळी. अशा अवस्थेत इंग्रजी वाढत नाही, मूल गप्प होतं.

बदली झाली, गाव बदललं, तर बोर्ड बदलावंच लागतं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईत चालणारी, पुस्तकं हवीत, हेही कारण मी समजू शकते. पण ती पुस्तकं कुठल्याही बोर्डाच्या मुलाला घरी वाचता येतात. आणि केवळ इंग्रजीची काळजी असेल तर आधी आपल्याच शाळेत सेमी इंग्रजीची तुकडी आहे का ते विचारा. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत, वर्गमित्र तेच. पाचवी-सहावीपासून त्यात बसलेली मुलं दहावीनंतर विज्ञान शाखेत गेली की फारशी अडखळत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

तरीही जायचंच ठरलं असेल, तर नववीपर्यंत थांबू नका. सीबीएसईची नववी-दहावी सलग धरली जाते, थेट दहावीत प्रवेश सहसा मिळत नाही आणि नववीत गेलेल्या मुलाला चाचपडायला वेळच उरत नाही. फी भरण्याआधी नव्या शाळेला दोन प्रश्न विचारा. नववीला दुसरी भाषा म्हणून मराठी घेता येते का? आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी विज्ञान-गणितातले शब्द कोण समजावून देणार, त्या शिक्षकांना आत्ता भेटता येईल का?