डॉक्टर बोलले नाहीत, म्हणजे गरज नाही?

‘लक्षण नसताना कर्करोगाची तपासणी म्हणजे विकतचे दुखणे, गरज असती तर आपल्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगितले नसते का?’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

लक्षणांचा मुद्दा आधी निकालात काढू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाआधीचे बदल वर्षानुवर्षे काहीही न दुखता चालू असतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) देऊ केली होती त्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

‘डॉक्टरांनी सांगितले असते’ हा भाग मात्र जास्त फसवा आहे, कारण तो विश्वासावर उभा आहे. सरकारी आराखडा २०१६ पासून तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सांगतो. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या दोन टक्के स्त्रियांचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. ‘बाईंना संकोच वाटेल’, ‘काही निघाले तर खर्च झेपणार नाही’, ‘उगीच घाबरवायचे कशाला’ असे अंदाज डॉक्टर मनातच बांधतात आणि विषय निघत नाही. बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना तर नाहीच. गुडघेदुखीसाठी आलेली पंचेचाळिशीची बाई रक्तदाब मोजून, गोळ्या घेऊन घरी जाते आणि या गप्प बसण्याचा अर्थ ‘आपले सगळे ठीक आहे’ असा लावते. घसा पाहताना ‘आ करा’ म्हणून मारलेला टॉर्च तंबाखू खाणाऱ्याच्या गालाच्या आतून फिरवायला अर्धे मिनिटही लागत नाही. केरळमध्ये अशा नुसत्या पाहणीने, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत, तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये दिसले.

राहिला ‘विकतचे दुखणे’ यात दडलेला लुबाडणुकीचा आरोप. तो अगदीच खोटा नाही: धडधाकट बाईला पॅकेजमध्ये सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी करायला लावणे याला शास्त्रीय आधार नाही, आणि ‘केलेले बरे’ ही त्यामागची समजूतही डॉक्टरांचीच असते. पण म्हणून सगळ्याच तपासण्यांना एका माळेत ओवता येत नाही. मुंबईतील वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उमटतो का एवढेच दर दोन वर्षांनी पाहिले. त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, आणि ते ॲसिड म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच.