नियमात बसणारे पाणी

पुण्याच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो तिथे आजवर खडकवासल्याचे पाणी येत असे. ते पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात अपुरे आणि वर्षभर अवेळी येत असल्यामुळे त्याच्याविषयी तक्रार करणे हा आमच्या सोसायटीतील आबालवृद्धांचा एकमेव सामुदायिक उपक्रम होता. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची धार आणखी बारीक झाली, तेव्हा कार्यकारिणीने बोअरवेलचे पाणी थेट टाकीत सोडले आणि उरलेली गरज टँकरने भागवली. टँकरमध्येही कोणाच्या तरी बोअरवेलचेच पाणी होते. हे नवे पाणी चोवीस तास येई आणि इतके नितळ दिसे की तक्रारीला जागाच उरली नाही. काही सभासद त्यामुळे अस्वस्थही झाले.

पाण्यावर संशय घेण्यापूर्वी आम्ही इतर सर्वांवर घेऊन पाहिला. साबणाला फेस येईना आणि त्याचा पांढरट चोथा अंगाला चिकटू लागला, म्हणून साबण बदलला. तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी वरणात दाणा न् दाणा वेगळा राहू लागला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी वाण्याला जुना माल खपवल्याबद्दल सुनावले. त्याने अत्यंत शांतपणे ‘ताई, कुकरची रिंग बघा’ असा सल्ला दिल्यावर रिंगही बदलली. चहावर तेलकट चमकणारा पापुद्रा धरू लागला, त्याचे खापर दूधवाल्यावर फुटले. देवघरातल्या बाळकृष्णाच्या अंगावर स्नानानंतर पांढरे ठिपके उमटू लागले, तेव्हा मात्र आईने कोणाही बाहेरच्या माणसाला दोष न देता माझ्याकडे पाहिले, कारण देव पुसण्याचे काम माझ्याकडे आहे.

अखेर तिसऱ्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी खुलासा केला. निवृत्तीनंतर त्यांना एवढा श्रोतृवर्ग प्रथमच लाभत होता, त्यामुळे त्यांनी सुरुवात सह्याद्रीपासून केली. धरणातले पाणी डोंगरावर पडून घाईघाईने खाली आलेले असते, त्याला दगडाशी ओळख वाढवायला सवड मिळत नाही. बोअरवेलचे पाणी मात्र दख्खनच्या बेसॉल्टच्या भेगांतून दीर्घकाळ झिरपत आलेले असल्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच घरात शिरते. हे क्षार साबणाशी संयोग पावून त्याचा साका करतात, आणि डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियममुळे इतके आवळले जाते की डाळ फुलतच नाही. यावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ‘मग आता वरणाचे काय करायचे?’ एवढेच विचारले. प्राध्यापकांनी चिमूटभर सोडा सुचवला. त्याने जीवनसत्त्वाची हानी होते हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे उपाय आणि काळजी दोन्ही आम्ही एकदमच घरी आणले.

दरम्यान न्हाणीघराची सूत्रे पाण्याने स्वतःकडे घेतली होती. शॉवरची बहुतेक छिद्रे बुजली आणि जी उरली त्यांतली एक धार भिंतीवर, एक छताकडे आणि एक नेमकी डोळ्यात जाऊ लागली. पाणी तापले की त्यातले काही क्षार चुनखडी होऊन खाली बसतात, आणि गीझर हे काम रोज सकाळी आपल्याच कॉइलवर इमानाने करत होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने ती कॉइल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर बत्ताशासारखे पांढरे, खरबरीत कवच चढले होते. ‘काका, वीज हे कवच तापवण्यात जाते, मग पाणी,’ असे सांगून त्याने बिल दिले. चुनखडी आंबटाला शरण जाते हे कळल्यापासून आमच्याकडची लिंबे सरबताऐवजी नळांना जातात आणि चिंचेचा कोळ आमटीत पडण्याआधी तांब्याच्या ताम्हणावर पडतो. ऐन उन्हाळ्यातला लिंबांचा भाव लक्षात घेतला, तर आमचे नळ आमच्यापेक्षा चैनीत आहेत.

पाण्याची तपासणी करून घ्यावी, अशी मागणी मी सभेत केली. अहवालात एकूण काठिण्य, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे निघाले. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते २०० पर्यंत असावे. पण दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालते. सचिवांनी ‘दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास’ हे शब्द दोनदा वाचले, दुसऱ्यांदा खिडकीबाहेरच्या टँकरकडे पाहत. पाणी नियमात बसत होते. डाळ शिजत नाही ही बाब मानकाच्या कक्षेबाहेरची असल्याचे त्यांनी इतिवृत्तात नोंदवले.

तरीही बऱ्याच घासाघिशीनंतर वर्गणी काढून क्षार कमी करणारे यंत्र गच्चीवर बसवण्यात आले. त्यातली रेझिन नावाची कृत्रिम राळ कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते, बदल्यात सोडियम सोडते, आणि तिची शक्ती संपली की तिला मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. त्यामुळे आता लिफ्टमधून मिठाची पोती चढतात आणि रक्तदाबाचे रुग्ण त्यांच्याकडे भीतीने पाहतात. पिण्यासाठी त्यांना घरचे आरओ वापरायला सांगितले आहे. साबणाला पुन्हा फेस येऊ लागला आणि वरणही एकजीव होऊ लागले. परंतु खजिनदारांनी ऑनलाइन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, मोजणारे पेन मागवले होते. ते त्यांनी यंत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात बुडवले आणि आकडा जवळपास तोच आला. एक क्षार जाऊन त्याच्या जागी दुसरा येतो, म्हणून एकूण आकडा हलत नाही, हे प्राध्यापकांनी आकृती काढून समजावले. खजिनदारांनी ती आकृती देयकाला टाचली आणि पुरवठादाराचा शेवटचा हप्ता रोखून धरला. आई मात्र वेगळ्याच कारणाने नाराज आहे: हात कितीही धुतले तरी या पाण्याने साबण सुटल्यासारखा वाटत नाही, आणि पूर्वीचे पाणी निदान साबण काढून तरी टाकत असे, असा मुद्दा तिने पुढील सभेसाठी लेखी दिला आहे.